जिनिंगच्या गोंगाटात शेतकऱ्याशी बोलणारा रोबोट कसा घडवायचा?

प्रश्न: आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आहोत. तालुक्याच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारात कापूस घेऊन आलेल्या गाड्यांपर्यंत जाऊन ओलावा मोजणारा, रांगेतला नंबर सांगणारा आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांना मराठीत उत्तरं देणारा चाकांवरचा रोबोट बनवत आहोत. प्रयोगशाळेत तो छान बोलतो. आवारात मात्र लोक एक-दोनदा बोलतात, मग त्याच्यावर ओरडतात, नाहीतर सरळ कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरकडे जातात. भाषेचं मॉडेल कमी पडतंय असं आम्हाला वाटतं. कोणतं घ्यावं? वऱ्हाडीत बोलवावं का? माणसासारखा चेहरा द्यावा का? निधी थोडाच उरला आहे.

उत्तर: मॉडेल बदलून फार काही हाती लागणार नाही, हे आधीच सांगून टाकते. तुमच्या प्रश्नातच दुखणं सापडतं: लोक एक-दोनदा बोलतात आणि मग ओरडतात. माणूस ओरडतो तो बहुधा आपलं समोरच्याला ऐकूच गेलं नाही असं वाटून. रोबोटला अर्थ कळला की नाही ही पुढची गोष्ट. त्यानं ऐकलं की नाही, हेच तुमच्या शेतकऱ्याला कळत नाहीये.

बोलणाऱ्या यंत्रांच्या कामात बरीच वर्षं घालवल्यावर माझं मत असं झालं आहे की चुका कमी करण्यामागे धावण्यापेक्षा चूक दुरुस्त करणं सोपं करावं. माणसंही दिवसभर एकमेकांचं उलटसुलट ऐकतात. "काय म्हणलं?" "मांगची बंडी म्हणतो मी." म्हणजे मागची बैलगाडी. झालं, गाडी पुढे. यंत्राशी बोलताना हीच दुरुस्ती तीन मिनिटं खाते आणि माणसाचा अपमान करते, म्हणून लोक उठून जातात. खाली जे काही सांगते आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

सुरुवात वेळेपासून करू. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात किती वेळ जातो? भाषाशास्त्रज्ञ तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वेगवेगळ्या खंडांतल्या दहा भाषांमध्ये हे मोजलं. हो-नाही प्रकारच्या प्रश्नाला उत्तर यायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. जपानी सगळ्यांत झटपट, डॅनिश सगळ्यांत सावकाश, पण तीही सरासरीनं अर्ध्या सेकंदाच्या आत. मराठी त्या दहांत नव्हती, पण आपण काही फार वेगळे नाही. बसस्टँडवर दोन बायकांचं बोलणं ऐका. गंमत अशी की चित्र पाहून एक शब्द मनात जुळवून तोंडाबाहेर काढायलाच माणसाला ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे ऐकणारा वाक्य संपायची वाट पाहत बसत नाही. ते कुठे संपणार हे ताडून तो आधीच उत्तर जुळवायला लागलेला असतो.

तुमचा रोबोट काय करत असेल? आवाज थांबला हे ठरवायला पाऊण सेकंद शांतता मोजतो. मग आवाज मोबाइल नेटवर्कवरून कुठल्या तरी सर्व्हरवर, तिथे त्याचा मजकूर, मजकुराचं उत्तर, उत्तराचा पुन्हा आवाज. आवारात नेटवर्कची एकच काडी असेल तर तीन-चार सेकंद कुठे गेले नाहीत. तेवढ्यात काकाजी पुन्हा विचारतात, या वेळी चढ्या आवाजात. रोबोटच्या लेखी हा नवा प्रश्न. तो पहिल्याचं उत्तर देतो, ते दुसऱ्या प्रश्नावर आदळतं, काकाजी तिसऱ्यांदा बोलतात आणि बाजूचा पोरगा म्हणतो, "अबे हे मोजून राहिलं का झोपलं?"

तेव्हा खूण आणि उत्तर वेगळे करा. उत्तर दोन सेकंदांनी आलं तरी लोक थांबतात, पण "माझ्याकडे लक्ष आहे" ही खूण लगेच हवी. आवाज ज्या दिशेनं आला तिकडे डोकं वळणं, डोळ्यांजवळचा दिवा उजळणं, हे काम अंगावरच्याच छोट्या बोर्डनं करावं, नेटवर्कला विचारू नये. डोकं वळेपर्यंत माणूस बोलतच असतो, त्यामुळे ती खूण बोलण्याच्या मधेच पोचते, जशी समोरच्या माणसाची मान हलते. बोलून खूण द्यायची असेल तर जपून. बऱ्याच जणांनी यंत्राला मधे मधे "हो, हो" म्हणायला शिकवलेलं असतं. भावाच्या गोष्टी चाललेल्या आवारात "हो" म्हणजे मान्य. "मंग काल हेच बारा म्हणे ना ग्रेडर?" असं कोणी विचारलं आणि तुमचं यंत्र "हो" बोलून गेलं तर संध्याकाळपर्यंत भांडण पुरेल. "सांगा जी" बरं. त्यात लक्ष आहे, कबुली नाही.

इथे मराठीची रचना तुमच्या कामी येते. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि त्याच्यामागे "का", "ना", "जी" असं काहीतरी लागतं. क्रियापदानंतर "का" ऐकू आलं की बहुधा वाक्य संपलं, पाऊण सेकंद शांतता मोजत बसायची गरज नाही. ऐकता ऐकता मजकूर करणारी प्रणाली वापरा आणि शेवटच्या दोन शब्दांवरून थांबा ओळखायला शिकवा, उत्तर लक्षात येण्याइतकं लवकर येईल. पण हीच रचना दगाही देते. नकारही शेवटीच येतो. "पुन्हा मोजू" इथपर्यंत ऐकून यंत्रानं ओलावा मोजणारी सळई खुपसली आणि पुढे "नको" आलं, तर? उत्तराची तयारी वाक्य चालू असताना करावी. हात मात्र वाक्य पूर्ण झाल्यावरच हलवावा.

आता गोंगाट. जिनाचे रोलर, ट्रॅक्टर, हमालांच्या हाका. गोंगाटात माणूस नुसता मोठ्यानं बोलत नाही. त्याचा सूर चढतो, स्वर लांबतात. १९११ मध्ये एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी हे नोंदवलं, त्यांच्याच नावानं तो परिणाम ओळखला जातो. तुमच्या प्रयोगशाळेतल्या मुलांनी एसीच्या खोलीत वाचून दाखवलेली वाक्यं या आवाजाशी जुळत नाहीत, आणि त्या रेकॉर्डिंगवर मागाहून जिनाचा आवाज चढवून उपयोग नाही, कारण बोलणारा त्या गोंगाटात बोललेलाच नसतो. आवारातच, जिन चालू असताना, खऱ्या कामाच्या वेळी नमुने घ्या. थोडे तास पुरतात, पण ते तिथले हवेत. रोबोटचा स्वतःचा आवाजही भोवतालच्या आवाजाप्रमाणे वर-खाली झाला पाहिजे, आणि स्वतःचं बोलणं माइकमधून पुन्हा ऐकून त्यालाच तो उत्तर देऊ लागणार नाही एवढी प्रतिध्वनी वजा करण्याची सोय हवी. ती असेल तर आणखी एक गोष्ट जमते: रोबोट बोलत असताना कोणी मधेच बोललं तर त्यानं गप्प व्हावं. आपल्याकडे माणसं मधेच बोलतात. वाक्य पूर्ण करण्याचा हट्ट धरणारं यंत्र आढ्यताखोर वाटतं.

माइकच्या जाळीत कापसाचे तंतू बसतात. दुपारपर्यंत आवाज घोगरा होतो आणि मुलं सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतात. वर स्पंज लावा आणि दर दोन तासांनी झटका.

वऱ्हाडीचं विचारलंत. ऐकायला वऱ्हाडी यायलाच हवी, बोलायला साधी मराठी ठेवा. ऐकण्यातली अडचण शब्दांची कमी, रूपांची जास्त. "मले", "कापसाले", "करून राहिलो" ही सवयीची रूपं आहेत, थोड्या नमुन्यांत पकडता येतात. खरा घोळ "माहा नंबर कवा येईन?" यात आहे. पुण्याच्या पुस्तकी मराठीवर शिकलेल्या प्रणालीला "येईन" म्हणजे बोलणारा स्वतः येणार. आपल्याकडे नंबरही येईन, ट्रॅक्टरही येईन आणि पाऊसही येईन. शब्द अचूक ओळखून अर्थ उलटा, असं होतं. "पाह्यजो", "सांगजो" ही पुढच्या वेळची आज्ञा आहे. यंत्र ती आत्ताची समजून कामाला लागतं. ओळखणाऱ्या प्रणालीला हे तुमच्याच आवारातल्या वाक्यांनी शिकवा. २०२२ मध्ये आलेलं, आवाजाचा मजकूर करणारं व्हिस्पर ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकलेलं आहे, त्यातला मोठा भाग इंग्रजी. सरकारची भाषिणी ही भारतीय भाषांसाठीची प्रणाली आणि आयआयटी मद्रासमधल्या एआय-फॉर-भारत गटाचं मराठीवरचं काम तुम्हाला जवळचं पडेल. पाया म्हणून ते घ्या आणि वर आपलं चढवा.

बोलताना मात्र वऱ्हाडीची नक्कल नको. वऱ्हाडी बोलीचा उपयोग लोकांनी इतकी वर्षं हशा पिकवायला केला आहे की यंत्राच्या तोंडून ती आली की आपली टिंगल चाललीय असं समोरच्याला वाटतं. आणि तुमच्या आवारात सगळे वऱ्हाडी बोलणारे नसतातच. मेळघाटातून आलेल्या मजुरांची घरची भाषा कोरकू असते, तिचं मराठीशी कुळाचंही नातं नाही. हाच रोबोट उद्या गडचिरोलीकडे नेलात तर तिथे गोंडी आणि माडिया आहेत, आणि मराठी बोलली जाते ती झाडीबोलीच्या वळणाची. अशा वेळी छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि बोलण्यासोबत हाताची किंवा दिव्याची खूण, हे बोलीच्या सोंगापेक्षा जास्त कामाचं.

हाक कशी मारायची? कॅमेऱ्यानं वय ताडून "काका", "मावशी" म्हणू नका. चाळिशीतल्या बाईला यंत्रानं आजी म्हटलं की पुढचं सगळं वाया. आपल्याकडचं "जी" चालतं. ते स्त्री-पुरुष, लहान-मोठं काही पाहत नाही आणि आदर तर ठेवतं. लोक यंत्राला "तू" म्हणतील, "अबे" म्हणतील, म्हणू द्या. यंत्रानं "तुम्ही" सोडू नये. राहता राहिलं "मी मोजतो" की "मी मोजते". तुमच्या गटात यावर बराच वाद झाला असणार. वाद टाळायचा तर "मी" टाळा: "मोजणं सुरू आहे", "ओलावा साडेबारा भरला". कानाला खटकत नाही आणि यंत्र माणूस असल्याचा आवही येत नाही.

आकड्यांवर थोडं थांबते, कारण आवारात भांडण आकड्याचंच असतं. बारा पूर्णांक पाच दशांश असं कोणी बोलत नाही. साडेबारा, सव्वाबारा, पावणेतेरा म्हणा, सोबत पडद्यावर आकडा मोठा दिसू द्या. ऐकतानाही पाव-सव्वा-पाऊण-साडे यांची गणितं पक्की हवीत. रांगेच्या नंबरात बासष्ट आणि पासष्ट गोंगाटात सारखेच ऐकू येतात. "सहा-दोन, बासष्ट" असं दोनदा, दोन तऱ्हेनं सांगा आणि चिठ्ठी छापून द्या. कागद हातात असला की माणूस पुन्हा विचारायला येत नाही.

दुरुस्ती म्हणजे काय ते एका प्रसंगावरून सांगते. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये अशाच एका यंत्राची चाचणी चालली होती. ट्रॉलीजवळ येऊन त्यानं वरच्या थरात सळई घातली आणि सांगितलं, ओलावा साडेतेरा टक्के. शेतकरी खवळला. "कुठचा साडेतेरा? वरवरून घेतला तू. रातच्या दवाचा आहे तो. खालून पाह्य ना!" यंत्रानं पुन्हा तेच वाक्य त्याच सुरात ऐकवलं. त्यांनी कोपरापर्यंत हात ट्रॉलीत घालून मूठभर कापूस बाहेर काढला आणि यंत्राच्या तोंडासमोर धरला. यंत्राला मूठ दिसत नव्हती. तिसऱ्यांदा साडेतेरा. मग ते ग्रेडरकडे गेले, ते त्या दिवशी यंत्राकडे फिरकले नाहीत.

त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्याही रास्त होतं. पहाटेचं दव वरच्या थरात राहतं, आणि विजेचा अवरोध मोजणाऱ्या सळईचं वाचन कापूस किती दाबलेला आहे यावरही हलतं. आणि पैशाचा हिशोब पाहा. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ पर्यंत त्या प्रमाणात कपात, १२ च्या वर खरेदीच नाही. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावानं एक टक्का ओलावा म्हणजे सरळ ८१ रुपये, वीस क्विंटलच्या ट्रॉलीला सोळाशेच्या वर. एवढ्या रकमेचा निकाल देणारं यंत्र उलट प्रश्न ऐकून घेत नसेल तर त्याचा आवाज कितीही गोड असो.

नंतर त्या यंत्राच्या संभाषणात एवढाच बदल झाला: आकड्यावर कोणी हरकत घेतली की ते म्हणे, "कुठून घेऊ? जागा दाखवा जी." माणूस हात ठेवी, कॅमेरा हात पाही, सळई तिथे जाई. जाण्याआधी सांगे, "सळई खाली येत आहे, हात काढा." मग: "इथला सव्वाबारा. आधीचा साडेतेरा. आणखी एक जागा पाहू का?" दुसऱ्या एका शेतकऱ्यानं तीन ठिकाणी मोजून घेतलं, पोराला बोलावून चौथं दाखवलं. आकडा बाराच्या खाली काही आला नाही. ग्रेडरशी तो तावातावानं बोलला, पण कापूस ताडपत्रीवर पसरून झाल्यावर दुपारी स्वतःहून त्याच यंत्राकडे आला. "आता पाह्य."

यातून नियम काढायचा तर असा: न कळलेला तेवढाच भाग विचारा. "मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा" हे वाक्य तुमच्या यंत्रातून काढूनच टाका. ते सगळा भार समोरच्यावर टाकतं आणि काय चुकलं हेही सांगत नाही. "बंडी कळली. पुढची की मांगची?" यात निम्मं ऐकल्याची पावती आहे आणि उत्तर एका शब्दात देता येतं. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्क आणि सुझन ब्रेनन यांनी १९९१ मध्ये हा विचार नीट मांडला आहे: बोलणारे दोघं मिळून, चालू कामापुरती, "हे आपल्या दोघांना कळलं" याची खात्री करत पुढे जातात. कामापुरती हा शब्द महत्त्वाचा. वजनकाटा कुठे आहे या प्रश्नाला खात्री करत बसू नका, सरळ उत्तर द्या. चुकलं तर माणूस स्वतःच म्हणेल. ओलाव्याची अंतिम नोंद करण्याआधी मात्र गाडी, नाव आणि आकडा बोलून दाखवा आणि हो ऐकल्याशिवाय नोंदवू नका.

हात दाखवून बोलण्याची सोय तुमच्या यादीत दिसली नाही. आवारात "ते", "तिकडची", "त्याच्या बाजूची" याशिवाय वाक्य होत नाही. १९८० मध्येच एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी बोट दाखवून "ते तिथे ठेव" म्हणता येईल अशी प्रणाली करून दाखवली होती, तेव्हा हे अवघड राहिलेलं नाही. अंतर मोजणारा साधा कॅमेरा आणि खांदा-मनगटाची रेषा एवढ्यावर आठ-दहा फुटांत कोणती गाडी ते कळतं. बोटाची रेषा दोन गाड्यांच्या मधे पडली तर वर सांगितलेला प्रश्न आहेच. उलट दिशेनंही हेच: रोबोट ज्या गाडीकडे निघणार तिकडे आधी मान वळू द्या, मग चाकं. यंत्र कुठे चाललंय हे ओळखू आलं की माणसं आपसूक वाट देतात.

आवारात दोघंच बोलत आहेत असं कधी नसतं. बाप, पोरगा, ड्रायव्हर, अडत्याचा माणूस, सगळे एकाच वेळी. आपल्याकडे तोंड करून बोललेलं तेवढंच आपल्याला, एवढा साधा नियम बहुतेक वेळा पुरतो. एकच अपवाद. बंडीवाला बैलाला "थांब रे" म्हणतो आणि रोबोट जागच्या जागी थांबतो, पोरं हसतात. तुम्ही ते दुरुस्त करायला जाल. करू नका. कोणीही, कोणालाही "थांब" म्हटलं तरी रोबोटनं थांबावं. उगाच थांबला तर दोन सेकंद जातात, न थांबला तर कोणाच्या पायावरून चाक जाईल. अर्थात सुरक्षिततेचा भार आवाजावर टाकायचा नाहीच. लाल बटण चारही बाजूंनी हाताशी हवं, आणि माणसांत वावरणाऱ्या सेवा-रोबोटसाठीचं आयएसओ १३४८२ हे मानक वाचून काढा. बैलांसमोरून कधीच येऊ नये, बाजूनं, हळू यावं.

चेहरा नको. जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये लिहिलं की यंत्र माणसासारखं होत गेलं की आधी आवडतं, आणि अगदी माणसाजवळ पोचलं की अचानक अंगावर काटा येतो. पण माझी हरकत त्याहून साधी आहे. चेहरा पाहून माणूस अपेक्षा बांधतो. माणसाचा चेहरा असेल तर तो यंत्राला उसनवारीची, पोरीच्या लग्नाची, बोंडअळीची सगळी हकिकत सांगेल आणि तुमचं यंत्र म्हणेल, "रांगेतला नंबर सांगा." जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी पारो हा सोबतीचा रोबोट सीलच्या पिल्लासारखा केला, कारण कुत्र्या-मांजराशी लोक त्याची तुलना करून नाराज होत, सील कोणी पाळलेला नसतो. शिवाय नोव्हेंबरचं ऊन असलं तरी दुपारी पडद्यावरचा चेहरा दिसतच नाही. वळणारं साधं डोकं आणि त्यावर दोन खरे, उन्हातही दिसतील असे दिवे पुरे.

गप्पा मारणाऱ्या मोठ्या भाषा-मॉडेलबद्दल एवढंच: वाक्यं त्याच्याकडून घ्या, आकडे घेऊ नका. ओलावा सळईकडून, भाव आणि नंबर नोंदवहीच्या संगणकाकडून, आणि ते जसेच्या तसे ठरावीक वाक्यांत बसवा. अस्खलित बोलणाऱ्यावर माणूस विश्वास ठेवतो, तो बरोबर असो की नसो. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांच्या एलायझा या अगदी साध्या कार्यक्रमापाशीही लोकांनी मन मोकळं केलं होतं, आणि तो तर समोरच्याचीच वाक्यं उलटून विचारत होता. "काळजी करू नका, पैसे लवकर येतील" असं तुमचं यंत्र एकदा जरी बोललं तर ती आवाराची कबुली समजली जाईल. पैशाच्या प्रश्नाला उत्तर एकच: कोणत्या खिडकीवर कोणाला भेटायचं.

आणि पुढचा कोड लिहायच्या आधी एक आठवडा कोड लिहू नका. रोबोट आवारात ठेवा, आत माणूस बसवा. म्हणजे आडोशाला तुमच्यातलं कोणीतरी हेडफोन लावून ऐकेल, बटणांनी मान वळवेल आणि ठरलेली वाक्यं बोलवेल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ही रीत संशोधक वापरत आले आहेत. लोक खरंच काय विचारतात, कोणत्या शब्दांत, कुठे अडखळतात, ते यातून जसं कळतं तसं प्रश्नावली भरून घेऊन कळत नाही. बायका पुरुषांसमोर यंत्राशी बोलत नाहीत आणि ट्रॉली रिकामी होताना, आजूबाजूला कोणी नसताना विचारतात, असलं काही फॉर्मवर येत नाही. काम झाल्यावर प्रत्येकाला सांगा की आत माणूस होता, आवाज ठेवायचा असेल तर विचारा, नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी नाव, गाव आणि बँकेच्या गोष्टी असलेला आवाज परस्पर सर्व्हरवर चढवणं बरं नव्हे.

मोजायचं काय? किती टक्के शब्द ओळखले हे प्रकल्प-अहवालात घाला, परीक्षकांना ते हवं असतं. तुम्ही स्वतः दोन गोष्टी मोजा: चूक झाल्यावर किती बोलण्यांत गाडी रुळावर आली, आणि अडलेला माणूस यंत्रापाशी थांबला की ग्रेडरकडे गेला.

निधीचं. उरलेले पैसे चेहऱ्यावर, मोठ्या पडद्यावर किंवा महागड्या मॉडेलच्या वर्गणीवर घालवू नका. चार माइकांची पट्टी घ्या, तिनं दिशा कळते. त्याहून आधी वेटोळ्या वायरचा एक हातात धरायचा माइक घ्या, दाबून बोलायचा, पूर्वी जीपवर प्रचाराला असायचा तसा. तुम्हाला तो जुनाट वाटेल. पण तोंडाजवळ आल्यावर जिनाचा आवाज मागे पडतो, कोण बोलतंय हा प्रश्न उरत नाही, बटण सोडलं की वाक्य संपलं हे कळतं, आणि तो हातात कसा धरायचा हे आवारात कोणाला शिकवावं लागत नाही. मग छपाईचं छोटं यंत्र, चिठ्ठीसाठी. त्यातूनही उरले तर अंगावरच ओळख करणारा बोर्ड घ्या, म्हणजे नंबर, ओलावा, भाव, काटा आणि "पुन्हा मोजा" या नेहमीच्या विचारण्या नेटवर्क नसतानाही निघतील. जास्तीची बॅटरी मात्र यादीत सगळ्यांत वर लिहा. वीज जाते तेव्हा जिन थांबतो, आवार शांत होतं, आणि लोकांना बोलायला वेळ तेव्हाच असतो.